टेप-काड्यांचं तरंगयंत्र: आता लाट गिळणारं टोक

बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेच्या जॉन शाइव्ह यांचं तरंगयंत्र लाट कशी पुढे जाते आणि टोकावरून कशी परतते ते दाखवतं. त्याची ही स्वस्त आवृत्ती आता 2 मीटर लांब आहे. 48 मिमी रुंद टेप, 30 सेंमीच्या 40 बांबूकाड्या, दर 5 सेंमीला एक, प्रत्येक टोकाला 2 ग्रॅमची क्लेची गोळी. टेप चिकट बाजू वर करून ताणायची, काड्या ठेवायच्या, वरून दुसरी टेप दाबायची. काडीचा मध्य पट्टीने मोजू नका, बोटावर तोलून खूण करा. बांबू सगळीकडे सारखा जाड नसतो. जड बाजू खाली झुकली की टेपला आधीच पीळ पडतो.

दोन्ही टोकं बांधून टाकली तर टेप हळूहळू लांबते, ताण कमी होतो आणि लाटेच्या वेगाची मोजमापं जुळत नाहीत. म्हणून एकच टोक पक्कं. दुसऱ्याला मधोमध दोरी, ती गुळगुळीत दांडीवरून खाली, तिला पाण्याची बाटली. 1 लिटर पाण्याला वेग सेकंदाला साधारण 1 मीटर येतो. 500 मिलीवरून 2 लिटरवर गेलं की वेग दुप्पट, कारण तो ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. दोरी विणलेली हवी. पीळदार दोरी ताणाखाली उलगडते आणि शेवटच्या काड्या तिरक्या करते.

दोरीकडचं टोक मोकळं, तिथून स्पंद (पहिली काडी हलवून सोडलेली एकच लाट) सुलट परततो. तिथली शेवटची काडी हाताने धरली की उलटा. मग या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तो परतायलाच नको! इम्पीडन्स, म्हणजे लाटेला होणारा विरोध, शिकवायला याहून चांगली जागा नाही.

शेवटच्या काडीला ताठ काडीने प्लास्टिकची आडवी चकती टांगा, ती पाण्यात पूर्ण बुडू द्या, आणि काडीच्या दुसऱ्या बाजूला क्ले लावून तोल साधा. चकती टेपजवळ असेल तर विरोध कमी, स्पंद सुलट परततो. बाहेर सरकवली की उलटा. मधल्या एका जागी परतणारा स्पंद जवळजवळ दिसेनासा होतो. ती जागा मुलांनाच शोधू द्या.

अडचण एकच उरली आहे: पाण्याचा विरोध चकतीच्या वेगापेक्षा जास्त दराने वाढतो, त्यामुळे लहान स्पंदाला जुळवलेली जागा मोठ्या स्पंदाला चालत नाही, तो थोडा उलटा परततो. यावर उपाय सापडेपर्यंत पहिली काडी दर वेळी सारखीच हलवायची. पुढे पाण्याऐवजी ग्लिसरीन वापरून पाहायचं आहे. अशा घट्ट द्रवात विरोध बराचसा वेगाच्या सम प्रमाणात राहतो.