गाडीचा रेडिओ रोज स्टेशनं विसरतो? नवा सेट घेण्याआधी पिवळी वायर बघा

चावी फिरवली की घड्याळात १२:००, साठवलेली स्टेशनं गायब, बास-ट्रेबल पुन्हा शून्यावर. इंदूरमध्ये हे दुखणं घेऊन कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात उभं राहा, बहुतेक ठिकाणी सल्ला एकच: सेट गेला, नवा अँड्रॉइड टाका. पण दर वेळी गाडी बंद केल्यावर सेट सगळं विसरत असेल, तर सेट सहसा चांगलाच असतो. चूक वायरिंगमध्ये असते आणि ती तासाभरात सापडते.

बाहेरून बसवलेल्या सेटला वीज दोन वाटांनी येते. पिवळी वायर कायम चालू असते, चावी खिशात असली तरीही. लाल वायर फक्त चावीबरोबर चालू होते. काळी म्हणजे अर्थ, गाडीच्या लोखंडी बॉडीशी जोडलेली वायर. स्टेशनं आणि घड्याळ पिवळीवर जिवंत राहतात, आणि बहुतेक सेट स्पीकर वाजवायची ताकदही पिवळीतूनच घेतात. लाल फक्त सेटला जागं करते. म्हणजे सेट नीट वाजतोय पण विसरतोय, तर पिवळीत वीज येतेय, फक्त ती चावीबरोबर येते आणि चावीबरोबर जाते. कुणीतरी पिवळी आणि लाल एकत्र पिळून चावीच्या लाइनला जोडल्या आहेत, किंवा दोन्हींची अदलाबदल झाली आहे.

अदलाबदल का होते, तेही सांगतो. सेटच्या मागे आठ पिनांचा आयएसओ कनेक्टर असतो. त्यात ४ नंबरची पिन कायम विजेची आणि ७ नंबरची चावीची. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या फोक्सवॅगन घराण्याच्या गाड्यांत, कंपनीनेच ४ आणि ७ उलट ठेवलेल्या असतात. तयार कपलर (गाडीच्या वायरी सेटला जोडणारा मधला तुकडा) सरळ खोचला की सेट चालतो, म्हणून बसवणारा खूश होऊन निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनं गेलेली असतात. चांगल्या कपलरवर लाल आणि पिवळ्या वायरीत मधेच बुलेटचे, म्हणजे ओढून सुटणारे, जोड दिलेले असतात ते याचसाठी. ते उपसायचे, तिरपे (लाल पिवळीला, पिवळी लालला) जोडायचे, काम झालं.

कंपनीच्या मूळ सेटची गोष्ट थोडी वेगळी. तिथे मेमरीची लाइन बऱ्याचदा आतल्या दिव्याच्या फ्यूजवरून येते. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर 'रूम', 'डोम' किंवा 'बॅकअप' असं काही लिहिलेलं असेल ते बघा. आतला दिवाही लागत नसेल तर डॅशबोर्ड उघडायची गरजच नाही. फ्यूज बदला, तेवढ्याच अँपिअरचा.

आता मोजणी. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळा प्रोब डॅशच्या मागच्या उघड्या लोखंडाला लावा. चावी काढलेली असताना पिवळीवर बॅटरीइतकेच, म्हणजे १२.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत, लालवर शून्य. चावी ॲक्सेसरीवर नेली की दोन्हींवर १२. चावी काढल्यावर पिवळीही शून्य झाली तर दुखणं सापडलं.

पण मीटरवर पूर्ण विश्वास टाकू नका. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्टच दाखवतो, कारण तो वीज जवळजवळ ओढतच नाही. म्हणून पार्किंग लाइटचा ५ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा, एक टोक पिवळीला, एक बॉडीला. हा बल्ब साधारण ०.४ अँपिअर ओढतो. झगझगीत पेटला तर लाइन धड आहे. मिणमिणला तर कुठेतरी जोड गंजला आहे, आणि रस्त्यावरच्या खड्ड्यात तो तुटतो-जुळतो. कधीतरीच, तेही हादरा बसल्यावर सगळं विसरणारे सेट याच जातीचे.

इथे एक इशारा, आणि तो गंभीरपणे घ्या. डॅशबोर्डमध्ये पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या आणखी वायरी दिसतील. त्या एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटर, बल्ब, टेस्टर काहीही लावायचं नाही. आपली पिवळी म्हणजे थेट सेटच्या कनेक्टरमधून निघालेली, तेवढीच. सेट ओढून काढण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, आणि वरची मोजणी करताना तो परत जोडा. आणि मूळ सेटला सिक्युरिटी कोड लागत असेल तर तो हातात असल्याशिवाय निगेटिव्हला पाना लावू नका.

सेट फक्त सेल्फ (स्टार्टर) मारतानाच विसरत असेल तर वायरिंग सोडा, बॅटरीकडे या. सेल्फ मारताना लाल लाइन क्षणभर बंद होते, ते बरोबरच आहे. पिवळी मात्र टिकायला हवी. बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी थकली आहे. बॅटरी ठणठणीत असून सेट विसरतो, तर काळी वायर बघा: सेट जोरात वाजत असताना काळी आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला की अर्थ ढिला आहे. टर्मिनलवरची पांढरट-हिरवी पूड गरम पाण्याने धुऊन, घासून काढा. निम्म्या गाड्या एवढ्यावरच बऱ्या होतात असं माझं मत आहे.

काही जण सोपा मार्ग काढतात: लाल आणि पिवळी दोन्ही कायम लाइनला. मेमरी राहते, पण सेट झोपतच नाही. हिशेब करून बघा. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. सेट नुसता जागा राहून ०.३ अँपिअर ओढत असेल, तर ३५ भागिले ०.३ म्हणजे ११६ तास, पाच दिवसांच्या आत बॅटरी रिकामी. गाडी सोडून आठवडाभर पुण्याला गेलात तर परत आल्यावर धक्का मारावा लागेल. हे करू नका.

जोड देताना वायरी पिळून वर काळा टेप, हे इंदूरच्या मे महिन्यात टिकत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशमध्ये टेपचा गोंद पातळ होऊन घसरतो आणि तांबं उघडं पडतं. सोल्डर करा, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नाहीतर धड दाबलेला बुलेट लग वापरा. पिवळीची नवी लाइन बॅटरीपासून आणायची असेल तर १.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, सेटच्या पाठीवर जेवढा फ्यूज आहे तेवढाच, बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरात बसवा, आणि फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वायर रबरी ग्रोमेटमधूनच, म्हणजे भोकातल्या रबरी कड्यातूनच, न्या. पत्र्याच्या कडेवर घासलेली विनाफ्यूज वायर म्हणजे आग. फ्यूजबॉक्समधली कायम चालू जागा सापडली तर फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागेतून जादा लाइन काढणारा जोड, लावणं जास्त सोपं. लग, हीटश्रिंक जेल रोडवर, फ्यूज टॅप छोटी ग्वालटोलीत बघा.

अँड्रॉइड सेट असेल तर एक खूण लक्षात ठेवा: दर वेळी कंपनीचा लोगो येऊन पूर्ण चालू व्हायला अर्धा मिनिट लागत असेल, तर त्यालाही चावी काढल्यावर पिवळी मिळत नाहीये. पिवळी मिळाली की तो झोपेतून उठतो, काही सेकंदांत.

पिवळी, लाल, काळी तिन्ही नीट असूनही विसरतोय, घड्याळ टिकतं पण आवाज आणि टोनच जातात, असं असेल तर मात्र दोष आत आहे. पुरवठ्याजवळचा फुगलेला कपॅसिटर किंवा मेमरीची चिप. तो सेट सोल्डरिंगचा हात असलेल्या रेडिओवाल्याकडेच द्या.

शेवटी स्टेशनं परत भरताना सेटचा प्रदेश बघा. मेमरी पुसली गेली की काही सेट आपोआप अमेरिकेवर जातात. तिथे एफएम ०.२ च्या पायऱ्यांनी चालतं, म्हणून ९२.७, ९३.५, ९४.३, ९८.३ सगळी लागतात, आणि विविध भारतीचं १०१.६ मात्र सापडत नाही, सेट १०१.५ वरून थेट १०१.७ वर उडी मारतो. मीडियम वेव्हवर तर आकाशवाणी इंदूरचं, म्हणजे मालवा हाउसचं, ६४८ किलोहर्ट्झ नेमकं लावताच येत नाही, कारण अमेरिकेची पायरी १० ची आणि आपली ९ ची. प्रदेश आशिया किंवा युरोप करा, १०१.६ पहिल्या बटणावर साठवा, चावी काढा आणि रात्रभर गाडी तशीच राहू द्या. सकाळी पहिलं बटण दाबून बघा.