अंतरपाट सरला त्या क्षणी

साताऱ्याजवळच्या एका लग्नाचे फोटो काढायचे होते, मुहूर्त दुपारी बारा चाळीसचा. डोळ्यांवर नवा चष्मा होता. चाळिशी लागली होती, दूरचाही थोडा नंबर आणि अर्धा सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेला लागणारा नंबर, निघाला, म्हणून वर दूरचा आणि खाली वाचायचा नंबर असलेल्या प्रोग्रेसिव्ह काचा घेतल्या होत्या. चष्मा लावून फोटो काढायचं ते माझं पहिलंच लग्न.

सकाळपासून व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या कॅमेऱ्याच्या खिडकीत, काहीतरी अडचण जाणवत होती. मान जरा वर गेली की काचेचा वाचायचा भाग समोर येई आणि चौकट पुसट होई. कोपरे दिसत नव्हते. पुण्याहवाचनाच्या फोटोंत कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या, कुणाचा तरी मोबाइल धरलेला हात, असं बरंच शिरलं होतं. तेव्हाच थांबायला हवं होतं.

मंगलाष्टकांना मी फ्लॅश वापरत नाही. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते, ठरवून ठेवतो, शटर किती वेळ उघडं राहील ते कॅमेरा निवडतो, आणि चौकटीखालच्या पट्टीतल्या आकड्यावर माझं लक्ष असतं. इतक्या वर्षांची सवय आहे ती. शेवटच्या मंगलाष्टकाला व्हिडिओवाल्याच्या लाइटची बॅटरी संपली. शटर 1/160 सेकंदावरून 1/20 वर आलं, एवढ्या संथ शटरला फोटो हलतो. चष्म्यामुळे ती पट्टीच मला दिसत नव्हती. 'सावधान' झालं, अंतरपाट सरला, अक्षता उडाल्या. अकरा फ्रेम घेतल्या. अकराही हललेल्या.

पंगतीच्या वेळी फोटो मोठे करून पाहिले आणि हातपाय गळाले. मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "तिच्या मामाचा चेहरा आलाय का कशात? तो आजारातून उठून आलाय." माझ्या मदतनिसाने बाजूने घेतलेल्या एका फ्रेममध्ये मामा स्पष्ट होते, नवरीच्या मागे, डोळे भरलेले. नवरीचा चेहरा मात्र अर्धाच.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचं माहितीपत्रक काढलं. डोळा व्ह्यूफाइंडरपासून जास्तीत जास्त किती अंतरावर असताना पूर्ण चौकट दिसते, त्याला आयपॉइंट म्हणतात. माझ्या कॅमेऱ्याचा 18 मिलिमीटर. हे अंतर आतल्या भिंगापासून मोजतात, आणि भिंग रबराच्या कडेपासून आत असतं. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटरवर. म्हणजे रबर काचेला टेकलं तरी डोळा लांबच राहतो. निकॉनने 1982 साली चष्मेवाल्यांसाठी एफ3एचपी हा कॅमेरा काढला होता, त्याचा आयपॉइंट 25 मिलिमीटर. लोक मेगापिक्सेल विचारून कॅमेरा घेतात. चष्मा असेल तर हा आकडा आधी विचारा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

सध्या चष्मा दोरीने गळ्यात असतो. बाहेरचं बघायला लावतो, कॅमेरा उचलताना काढतो. मुहूर्ताआधी कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरून डायऑप्टरची, म्हणजे व्ह्यूफाइंडर डोळ्याच्या नंबराशी जुळवायची, चकती फिरवतो, पट्टीतले आकडे आणि फोकसचे चौकोन रेखीव होईपर्यंत. समोरच्या माणसांकडे बघून चकती लावली तर फसगत होते, कारण लेन्सचा फोकस चुकलेला असला तर तेही पुसटच दिसतं. सिलिंडर या चकतीने जात नाही. माझा कमी आहे म्हणून निभतं.

त्या अल्बमचं मधलं जोडपान मदतनिसाच्या फ्रेमचं आहे. त्या पानाचे पैसे मी घेतले नाहीत.