वरची कडी

दिवसभर ऑफिसात बसले होते, पण डोकं काल रात्रीच्या जिन्यातच अडकलेलं.

साडेअकरा वाजले असतील. वरच्यांनी नेहमीसारखं नको त्या वेळी कपाट सरकवलं. मांडणीतल्या कपबशा किणकिणल्या, एवढंच. बाहेर येऊन बघते तर दार सताड उघडं. आई खालच्या वळणावर, अनवाणी, खांद्यावर झोपलेली मनू. आठ वर्षांची घोडी, तिचे पाय आईंच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. त्याच गुडघ्यांसाठी आम्ही लिफ्टची बिल्डिंग शोधली होती.

आणि मी काय बोलावं? "अहो आई, कपाट होतं ते. बत्तीस वर्षं झाली आता."

जणू उधारीची मुदतच संपली होती.

लग्न झाल्यापासून मी वरची कडी न लावता झोपतेय. उशाशी बॅटरी, दाराशी चपला. विसर्जनाच्या आठवड्यात तर घरात कुणाला धड झोप नसते. सकाळी नऊला मीटिंग असते माझी, ते कुणी... जाऊ दे.

किल्लारीचा भूकंप मी शाळेत पाठ केला होता. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, जवळपास 10,000 माणसं. त्या आकड्यात ताई आहेत, हे सासरी आल्यावर कळलं. गणपती बोळवून लोक उशिरा आडवे झालेले. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद, आणि त्यावर घर गार राहावं म्हणून मातीचा थर. "लई गार लागायचं गं," आई अजून कौतुकानं सांगतात आणि तिथंच थांबतात. पत्र्याच्या शेडमधल्या दिवसांवर मात्र तासभर बोलतील. कुणाची चूल कुठं, कोण कुणाशी भांडलं, सगळं.

नवरा तेव्हा दोन वर्षांचा. त्याला काल ढोल वाजवला असता तरी जाग आली नसती.

ताईसुद्धा आठच वर्षांच्या होत्या. हे मला जिन्यात सुचायला हवं होतं. सुचलं आज दुपारी, डबा खाताना. घास तसाच राहिला.

बत्तीस वर्षं. मोजली कुणी? मीच ना. मला दहावीच्या गणिताच्या पेपरची स्वप्नं अजून पडतात, घामाघूम होऊन उठते. त्याचा हिशेब आजवर कुणी मागितला नाही.

माफी वगैरे मागायची ठरवून घरी आले. आई सोफ्यावर गुडघ्याला तेल चोळत होत्या.

"लई जड झालीय पोरगी," त्याच म्हणाल्या.

"तूप कोण भरवतं तिला?"

हसल्या. मग बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "त्या वरच्यांनी कपाट भिंतीला ठोकून घेतलंय का नुसतंच टेकवलंय?"

"उद्या विचारून सांगते," म्हटलं.