दादाचं पोट अकरा दिवस उघडं होतं

दादाला पित्ताच्या खड्यामुळे पॅन्क्रियाटायटिस झाला, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, आणि दुसऱ्याच दिवशी आयसीयूत. सलाईनवर सलाईन चालू होतं, बीपी टिकवायला ते लागतंच, पण तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं टणक, बोट दाबलं तरी दबेना, व्हेंटिलेटर सारखा वाजतोय आणि युरिन बॅगेत तासाला जेमतेम 10 मिली, तेही काळ्या चहासारखं.

मग पोटातला प्रेशर मोजायला लागले, तो मूत्राशयातून कळतो. सिस्टरने दादाला सपाट झोपवलं, लघवीच्या नळीला चिमटा लावला, नळीतून 25 मिली सलाईन आत सोडलं आणि दादाने श्वास सोडला की लगेच आकडा वाचला. शून्य कुठे धरायचं त्याची कमरेच्या बाजूला पेनाने खूण केलेली, दर वेळी तीच. आयसीयूतल्या पेशंटला साधारण 5 ते 7 असतो (बीपीसारखाच, मिमी पाऱ्यात), 12 झाला की जास्त, आणि 20 च्या वर टिकून राहिला नि किडनी-फुप्फुसं दमायला लागली की जीवावरचं. दादाचा 26.

आधी नाकातून नळी, मागून नळी, स्नायू सैल करायचं औषध, सगळं करून झालं. रात्री 28. सर्जन म्हणाले पोट उघडावं लागेल आणि उघडंच ठेवावं लागेल. वहिनी म्हणाली, "म्हणजे टाके नाही घालणार?" ते शांतपणे म्हणाले, "टाके घातले तर दाब परत तिथेच, ताई. किडनीला रक्त पोचत नाहीये." पहाटे तीनला सही केली, हात थरथरत होता.

सलाईनची निर्जंतुक पिशवी कापून पोटाच्या कडांना शिवली होती, बोगोटा बॅग म्हणतात, कोलंबियातल्या बोगोटात 1984 मध्ये डॉ. बोर्राएझनी पहिल्यांदा वापरली म्हणून. त्या प्लास्टिकमधून आतडी हळूहळू हलताना मी बघितली, आधी पाय गळाले, पण सिस्टर म्हणाली हलतायत म्हणजे चांगलंय. सकाळपर्यंत प्रेशर 14 आणि युरिन तासाला 40. खरं सांगतो, त्या पिवळ्या पाण्याकडे बघून रडलो मी.

दर दोन दिवसांनी ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन पोट धुवायचे, पुढे व्हॅक्यूमची ड्रेसिंग लावली. अकराव्या दिवशी कातडी जुळली, आतले स्नायू काही जुळले नाहीत, त्यामुळे हर्निया राहिलाय, त्याचं ऑपरेशन वर्षभराने करू म्हणालेत. तोवर पट्टा. आत्ता समोर बसून वरणभात खातोय, पट्टा जरा सैल करून.