जगात जर्मनी, भारतात परभणी आणि मधे एक थ्री-पिन टॉप

परभणीची पोरगी जर्मनीला निघाली की लोक एकच वाक्य ऐकवतात. पेढा हातात घेणारा प्रत्येक जण ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणून हसायचा आणि लगेच विचारायचा, ‘मिक्सर नेणार का?’

एम.एस.साठी केमनिट्झला जायचं होतं. विमानात २३ किलोच्या दोन बॅगा चालणार होत्या. त्यातल्या एकीच्या तळाशी आईने मिक्सर, चहाची किटली आणि पाणी तापवायचा रॉड मांडून ठेवला होता. रॉड मी काढला. आईने परत ठेवला.

अमेरिकेतला मावसभाऊ फोनवर म्हणाला, ‘काही नेऊ नको. माझा मिक्सर इथे नुसता गुरगुरतो.’ खरं-खोटं करायला मी मिक्सर घेऊन नानलपेठेतल्या मोटार भरून देणाऱ्या काकांकडे गेले. बोअरच्या मोटारीच्या तारांतून डोकं वर न काढता ते म्हणाले, ‘त्याच्याकडं १२० व्होल्ट हाय. तू जायलीस तिथं आपल्यासारखंच २३०, अन् हर्ट्झ बी ५०च.’ मग खडू घेऊन फरशीवर गणित मांडलं. व्होल्टेज निम्मं झालं की तापणाऱ्या वस्तूची ताकद निम्मी होत नाही, पार चौथाईवर येते. आमची १५०० वॅटची किटली अमेरिकेत जेमतेम ४०० वॅटची उरली असती. चार मिनिटांचा चहा, पाव तास लागला असता.

उलटंही तसंच. याच भावाने मला तिकडून केस सरळ करायचा चिमटा पाठवला होता. आमच्या बोर्डात लावला आणि मिनिटभरात धूर! घरभर सुटलेल्या त्या वासाचं कारण मला त्या फरशीवर कळलं.

मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं छापलेलं असतं. तेवढं वाचलं की जगात कुठेही न्या.

‘मग अडचण कामून यायची?’ काकांनीच विचारलं आणि काकांनीच उत्तर दिलं, ‘पिनंची.’

जर्मनीतलं सॉकेट म्हणजे भिंतीत एक गोल खड्डा, तळाशी दोन भोकं, आणि अर्थिंगसाठी कडेला दोन पितळी पट्ट्या. मोबाइल चार्जरच्या बारीक दोन पिना त्यात सहज जातात. आपला तीन पिनांचा टॉप जात नाही. काकांनी मला स्टुलावर बसवून थ्री-पिन टॉप तीनदा खोलायला आणि तीनदा जोडायला लावला. हिरवी तार अर्थिंगची, ती बाकी दोघींपेक्षा थोडी लांब सोडायची, म्हणजे वायर ओढली गेली तरी ती सगळ्यात शेवटी सुटेल. तिसऱ्या वेळी ते ‘जमतंय’ म्हणाले. पैसे घेतले नाहीत, पेढे मात्र चार घेतले.

रॉड शेवटी घरीच राहिला. तिकडे नळालाच गरम पाणी येतं हे आईला पटायला तीन दिवस गेले.

केमनिट्झला पहिल्या रात्री मी भिंतीवर बटण शोधत होते. सॉकेटला बटणच नसतं! पिन घातली की चालू, काढली की बंद. आजही मिक्सर लावायच्या आधी माझा अंगठा हवेत एकदा खाली दाबला जातो.

खरी चूक मात्र लॅपटॉपच्या बाबतीत झाली. निघायच्या घाईत मी ‘सगळ्या देशांत चालणारा’ एक स्वस्त अडॅप्टर घेतला होता. त्यावर लॅपटॉप चालायचा, पण मनगट त्याच्या धातूच्या कडेवर टेकलं की मुंग्या आल्यासारखं व्हायचं. थंडीमुळे असेल म्हणून दोन आठवडे काढले. मग अडॅप्टर उलटा करून पाहिला: अर्थिंगच्या पिनेसाठी भोक होतं, पण त्यातून पुढे काहीच जोडलेलं नव्हतं. चार्जरची भिंतीकडची वायर वेगळी निघते, तेवढीच तिथल्या पिनेची विकत आणली. मुंग्या त्याच दिवशी गेल्या. हे आधी सुचलं असतं तर अडॅप्टर घेतलाच नसता. तो नुसता पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, आणि माझ्या अडॅप्टरने तर अर्थिंगही गिळलं होतं.

मिक्सर आणि किटलीसाठी हार्डवेअरच्या दुकानातून दोन जर्मन टॉप आणले आणि काकांनी शिकवलं तसे जोडले. तिथला टॉप सॉकेटमध्ये सुलटाही बसतो, उलटाही. त्यामुळे फेज कुठे, न्यूट्रल कुठे याची फार चिंता नाही, अर्थिंग तेवढं पक्कं हवं. पहिल्यांदा येसर, म्हणजे आमच्याकडचा आमटीचा मसाला, फिरवला तेव्हा परभणीसारखाच आवाज आला. तसाच, म्हणजे अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा.

तो रविवार होता. खालच्या आजीबाई वर आल्या, हसून म्हणाल्या, ‘हॉयटे इस्ट झोनटाग.’ आज रविवार आहे. रविवारी तिथे शांतता पाळतात, मिक्सर, ड्रिल असलं काही लावायचं नसतं. आता मी शनिवारीच आठवड्याचं कूट करून ठेवते.

आईला फोनवर सांगितलं, रविवारी मिक्सर लावता येत नाही. ती काळजीने म्हणाली, ‘कामून? तिथं रविवारी लाईट नसती का?’