मंडपातला पहारा आणि गेमवरची भांडणं

आमच्या मंडळात गणपतीत रात्री मंडपात झोपायची ड्युटी कॉलेजच्या पोरांकडे असायची, आणि झोपतंय कोण. काका लोक घरी गेले, समईत तेल घालून झालं की सतरंजीवर विषय एकच, सगळ्यात भारी गेम सिरीज कुठली. दरवर्षी तोच वाद, तीच माणसं, तरी आवाज चढायचेच.

डेकोरेशनवाला दादा मारिओचा. कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर १९८५ चा सुपर मारिओ खेळून मोठा झालेला, उडी मारायची मजा मारिओने शिकवली, बाकी सगळे त्याच्या मागून आले असं म्हणायचा. ढोलवाली गँग सगळी ग्रँड थेफ्ट ऑटो म्हणजे जीटीए सिरीजमधल्या व्हाइस सिटीची, सायबर कॅफेत बसलं की आधी पँझर हा चीट कोड टाइप करून रणगाडा काढायचा, मिशनबिशन नंतर. आणि वर्गणीवाला नीड फॉर स्पीड या रेसिंग सिरीजमधल्या मोस्ट वाँटेडचा, त्यातल्या रेझर नावाच्या व्हिलनने ढापलेली बीएमडब्ल्यू परत कशी मिळवली ते तो दरवर्षी रंगवून सांगायचा आणि आम्ही दरवर्षी ऐकायचो.

माझं मत तेव्हाही प्रिन्स ऑफ पर्शिया आणि आजही तेच. जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये जवळपास एकट्याने केलेला गेम, धाकट्या भावाला पळायला उड्या मारायला लावून शूटिंग केलं आणि त्यावरून प्रिन्सची एकेक हालचाल काढली, म्हणून तो कड्याला लटकला की आपल्याच हाताला रग लागते. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सगळ्यांनी खेळलेला, पण शेवटपर्यंत फार कमी जणांनी. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की आपलीच सावली बाहेर पडते, पुढे आपली लाइफ वाढवणारी बाटली पिऊन टाकते, आणि बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर उभी. तिला वार केला की आपलीच लाइफ जाते! तलवार म्यान करून सरळ तिच्या अंगावर चालत जायचं, मग दोघं एक होतात. हे मी सांगितलं त्या रात्री दादा समईची वात हातात तशीच धरून ऐकत बसला होता.

आणि सिरीज म्हणून बघा ना, पहिल्यात ६० मिनिटांचं घड्याळ मानगुटीवर बसलेलं, २००३ च्या सँड्स ऑफ टाइममध्ये खंजीर हातात देऊन वेळच मागे फिरवायला दिली. उडी चुकली तर दोन पावलं मागे जाऊन परत मारा. त्याच्या पुढच्या भागाचा, वॉरियर विदिनचा राग राग मला नाही आवडला, पण वेळेशी झुंज त्यातही सुटली नाही. जीटीए अख्खं शहर फिरायला देतं हे मान्य, तेवढ्याने मी ऐकणारा नाही.

आता पहाऱ्याला सीसीटीव्ही आहे, तरी विसर्जनाच्या आदल्या रात्री आम्ही सगळे येतो, मुंबई-पुण्यातून सुट्टी टाकून. प्रिन्सचाच २०२४ चा लॉस्ट क्राउन मी दादाला आग्रहाने खेळायला लावला, तो पूर्ण करून म्हणाला, चल, दोन नंबर तुझ्या प्रिन्सचा. दोन नंबर मला चालणार नाही, यंदा परत बसायचंय.