तुम्ही विचारलंत म्हणून: तलवारीवर काय लिहिलं होतं?

पणजोबांना पहिल्या महायुद्धानंतर मिळालेली तलवार माझ्याकडे आहे. साताऱ्याला, गोडोलीतल्या माझ्या घरी, पत्र्याच्या ट्रंकेत. विकलेली नाही. भाच्याची वस्तू आत्यानं दाबून ठेवली आणि पुण्याच्या कुणा शौकिनाला दाखवली, ही गावाकडची कुजबुज माझ्या कानावर आहे. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. आणि इनामी तलवारीचं मोल तिच्यावरच्या मजकुरात असतं. तो मजकूर आता नाही. असता तरी विकली नसती, हे एकदा लिहून ठेवते.

तुम्ही गावकरी विचारता ते दुसरंच. दसऱ्याला बाहेर का काढत नाही? जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हापासून तर महिन्याला एकजण विचारतो. शाळेला पंधरा ऑगस्टला मांडायची असते, तरुण पोरांना फोटो हवा असतो. म्यानात अडकलीय, निघत नाही, असं आमच्या घरातून पंचेचाळीस वर्षं सांगितलं गेलं. ते खोटं आहे. तलवार निघते. तिच्यावरची अक्षरं मी पुसली, म्हणून ती काढत नाही.

पणजोबांची हकिकत तुम्हाला पाठ आहे. ११४ मराठा पलटण, मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक, ऑक्टोबर १९१८ मधली शरकातची लढाई. तैग्रिस नदीकाठच्या त्या लढाईत पलटणीला २८ शौर्यपदकं मिळाली, हे खरं आहे. पणजोबा परत आले आणि पुढच्या वर्षी त्यांना तलवार मिळाली. मुठीवर कोफ्तगिरीचं, म्हणजे पोलादावर सोन्याची तार ठोकून केलेलं, वेलकाम, लाकडी म्यानाला लाल मखमल, आणि पात्यावर मुठीपासून वीतभर अंतरावर सुरू होणारी इंग्रजी ओळ. ती ओळ हाच आमचा सातबारा, असं आबा म्हणायचे. आबा म्हणजे माझे आजोबा. डाव्या डोळ्यात फूल होतं म्हणून त्यांना भरतीतून दोनदा परत पाठवलं होतं. फौजीच्या घरी जन्मून त्यांनी आयुष्यभर ऊस आणि आलं केलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ती ओळ त्यांना अंगठ्यानं ठाऊक होती. पूजेला तलवार काढली की ते आधी पात्यावरून अंगठा फिरवायचे आणि मग कुंकू लावायचे.

१९७९ साल. मी तेरा वर्षांची, आठवीत. उद्या घट बसायचे होते. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं काही म्हणता काही धुवायचं राहत नाही. आईनं वाकळा ओढ्यावर नेल्या होत्या. मी परसात पितळेची भांडी घेऊन बसले होते, चिंच आणि मीठ लावून. समई, ताम्हन, घंगाळ, तांबे. घासणं हे माझं काम होतं आणि मी ते चांगलं करत असे. भावांना कुणी सांगत नसे. तलवार उचलून धरायचा मान मात्र त्यांचा. पूजेच्या दिवशी आबा दोघा भावांच्या हातात ती एकेकदा देत. मी ताट घेऊन उभी.

आबा कोरेगावला गेले होते. तलवार माळ्यावरून काढून पडवीत ठेवली होती. आजी म्हणाली, "तेवढं त्याल पुसून घे गं बाय." इथे मी पहिल्यांदा खरं लिहिते. आजीनं घासायला सांगितलं म्हणून मी घासली, असं मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं. नवऱ्यालाही. आजीनं पुसायला सांगितलं होतं.

आबा दरवर्षी पात्याला खोबरेल लावून ते म्यानात घालायचे. खोबरेलाचा पुढे चिकट, तपकिरी थर होतो, आणि लाकडाचं म्यान पावसाळ्यात ओल धरतं. तेव्हा फडक्यानं ते निघेना. मी चिंच लावली. थोडं निघालं, खाली काळे डाग. दाराच्या चौकटीचं काम चाललं होतं, सुताराची पिशवी पडवीतच होती. त्यातला पॉलिश पेपर घेतला.

पाण्यात भिजवून चोळला की खालून पोलाद असं वर येत होतं की बघत राहावं. मी टोकाकडून सुरुवात केली आणि मुठीकडे येत गेले. अर्ध्यावर आले तेव्हा अक्षरं लागली.

इतकी वर्षं मी म्हणत आले की अक्षरं दिसलीच नाहीत, थराखाली होती, लहान होते, काय कळत होतं. दिसली होती. इंग्रजी पाचवीपासून शिकत होते, मोठी एबीसीडी मला येत होती. पहिल्यांदा हात लागला तो ओळीच्या शेवटाला, तिथला एक आकडा फिका झालेला मी पाहिला. तिथंच थांबले असते तर ओळीतला एक आकडा गेला असता, बाकी सगळं राहिलं असतं. पण निम्मं पातं आरशासारखं आणि निम्मं काळपट असं दिसत होतं. तसं ठेवलं तर कुणीतरी घासल्याचं कळणार. सगळं सारखं केलं तर कळणार नाही. तेराव्या वर्षीचा हिशोब तो. म्हणून मी सगळं सारखं केलं. नीट, मन लावून, समई घासते तसं.

ती अक्षरं छिन्नीनं खोदलेली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. अशा पात्याला लाखेचा किंवा मेणाचा लेप देतात, लेपात सुईनं मजकूर काढतात आणि तेजाब, म्हणजे ॲसिड, सोडतात. उघडं पडलेलं पोलाद तेजाब खातं, केसाएवढं. त्यावर सोन्याचा मुलामा. छिन्नीची अक्षरं असती तर तेरा वर्षांच्या पोरीच्या हातानं गेली नसती. हे मी स्वतःचा बचाव म्हणून सांगते आहे का? हो, सांगते आहे. मलाही कधीतरी हलकं वाटायला हवं.

पुसून म्यानात घातली आणि जागच्या जागी ठेवली. तेल लावायचं सुचलं नाही.

घट बसले. परडीतल्या मातीत गहू पेरले होते. तिसऱ्या दिवशी कोंब दिसले, पाचव्या दिवशी बोटभर झाले. दरवर्षी मला ते वाढताना बघायला आवडायचं. त्या वर्षी बघवेना, कारण ते वीतभर झाले की खंडेनवमी येणार होती.

खंडेनवमीला सोप्यात नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, खुरपी, भावाची सायकल आणि मधे पाटावर तलवार. शेजारपाजारची माणसं जमलेली. गावच्या हायस्कूलला इंग्रजीचे एक सर होते, परजिल्ह्यातले. तीन वर्षं आबा त्यांना मुद्दाम बोलवायचे. सर चष्मा लावून ती ओळ मोठ्यानं वाचायचे, मराठीत अर्थ सांगायचे, आणि मग पूजा.

आबांनी तलवार उपसली. चिंचेचं पाणी लागलेलं आणि तेल न लावलेलं पोलाद भाद्रपद-आश्विनाच्या ओल्या हवेत नऊ दिवस राहिलं, तर जे व्हायचं तेच झालं होतं. चकचकीत पात्यावर नारिंगी ठिपके. आबांचा अंगठा मुठीपासून खाली गेला, थांबला, परत वर आला. पुन्हा खाली गेला.

"कुनी घासली?"

आजी कौतुकानं म्हणाली, "पोरीनं. बघा की, आरशावानी झालीया."

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तलवार सरांच्या हातात दिली. सरांनी चष्मा लावला. पातं उजेडाकडे वळवलं, पुन्हा वळवलं. सोप्यात वीसेक माणसं होती आणि सगळी सरांच्या तोंडाकडे बघत होती. माझ्या हातातल्या ताटातलं निरांजन हलत होतं. सर काहीच बोलेनात. तेव्हा आबांनी स्वतःच सुरुवात केली. कानानं पाठ झालेलं इंग्रजी, त्यांच्या उच्चारात. परझेंटेड टू, मग पणजोबांचं नाव, मग फार, म्हणजे फॉर, मग पुढचं, आणि शेवटी इन दी गिरेट वार आणि साल. सरांनी एकदा आबांकडे पाहिलं आणि कोऱ्या पात्यावरून बोट फिरवायला लागले, आबा म्हणतील त्या वेगानं. संपल्यावर म्हणाले, "बरोबर." मग दरवर्षीसारखा अर्थ सांगितला. शौर्याबद्दल. जमलेल्यांनी शिवाजी महाराजांचा जयजयकार केला.

दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाहून आल्यावर आबांनी आपट्याचं पान आधी माझ्या हातात ठेवलं. दरवर्षी आधी भावांना देत. "सोन्यासारखी ऱ्हा," म्हणाले. मारलं असतं तर मी ही गोष्ट एव्हाना विसरले असते, असं मला खरंच वाटतं.

पुढच्या वर्षी त्यांनी तलवार काढली नाही. "म्यान फुगलंया, निघत न्हाई." सरांची बदली झाली होती. मग तेच वाक्य भावानं चालवलं, भावानंतर मी. आबा १९८६ ला गेले. त्या सात वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही की आबा, ती ओळ मला सांगा, मी लिहून घेते. तुम्ही विचारता, आधी तरी कुणी लिहून का घेतली नाही? लोखंडावर लिहिलेलं पुन्हा कागदावर कोण लिहून घेतं? पण त्यानंतर लिहून घ्यायला हवी होती. विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं होतं, आणि मी मोठी होत गेले तसं ते सोपं व्हायच्या ऐवजी अवघड होत गेलं.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. "फार" आणि "गिरेट वार" यांच्या मधला शब्द मला आठवत नाही. आबांचा आवाज आठवतो, शब्द नाही. शौर्याबद्दल, हे सरांचं मराठी. पण त्या दिवशी सरांसमोर अक्षरं नव्हती, आणि आधीच्या वर्षी ते काय म्हणाले होते याची माझ्याकडे खात्री नाही. शौर्याबद्दल भारतीय शिपायाला त्या काळी इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट मिळे, १९०७ पासून इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळे. आमच्या घरी दोनच बिल्ले आहेत, आणि ते दोन्ही त्या युद्धावर गेलेल्या लाखो जणांना मिळालेले. मानाच्या तलवारी, सनदा, घड्याळं सरकार आणखीही एका कामासाठी देत असे. पलटणीत माणसं भरती करून दिल्याबद्दल.

हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा मला आमच्या वाडीतल्या एका म्हातारीचं वाक्य आठवलं. भावाच्या लग्नात ती मला म्हणाली होती, "तुझ्या पणज्यानं माझा चुलता न्हेला." मी तेव्हा हसून मान हलवली. नेला म्हणजे सोबत नेला, की भरतीला नेऊन उभा केला? आपल्या जिल्ह्यात गावोगावी दगडी पाट्या आहेत, इथून इतके गेले, इतके परतले नाहीत. अपशिंग्याहून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परतले नाहीत. आमच्या पाटीवरचा आकडा लहान आहे, पण त्यात तिचा चुलता आहे.

मी असं म्हणत नाही की पणजोबा शूर नव्हते. वाळवंटात, तैग्रिसच्या काठी उभा राहिलेला माणूस शूरच. काही दिवस मला वाटतं की मजकूर गेला ते बरं झालं, नको ते वाचावं लागलं नाही. मग स्वतःचाच राग येतो, कारण तो शब्द शौर्याचाच असेल तर मी माझ्या सोयीसाठी त्यांच्यावर संशय घेते आहे, तोही पुरावा स्वतः पुसून.

अक्षरं परत आणता येतील का, तेही पाहिलं. धातुशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांनी समजावलं. ठोकून उमटवलेले आकडे, इंजिनावर असतात तसे, घासले तरी रसायनानं पुन्हा दिसू शकतात, कारण ठोक्यानं खालचं पोलादही दबलेलं असतं. तेजाबानं खाल्लेल्या अक्षराखाली असं काही राहत नाही. वरचा थर गेला की अक्षर गेलं. तरी गेल्या वर्षी भाचा सुट्टीवर आला तेव्हा आम्ही दोघांनी खिडक्या लावून, बॅटरी पात्याला अगदी आडवी धरून पाहिलं. सुरुवातीला, मुठीच्या जवळ, जिथं माझा हात नीट पोचला नसावा, तिथं एक पी दिसला. बस्स.

भाच्याला मी तेव्हाच सगळं सांगितलं. तो मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, आमच्या घरात पणजोबांनंतरचा पहिला फौजी. रागावला नाही. म्हणाला, "आत्या, आता लेझरनं कोरून मिळतं, नवीन करून घेऊ." मी म्हटलं, "काय कोरायचं?" तो म्हणाला, "जे होतं ते."

तलवार आता म्यानाबाहेर असते, सुती कापडात, पात्यावर मेणाचा पातळ हात दिलेला. खंडेनवमीला मी दार लावून ती काढते, कुंकू लावते, परत ठेवते. कापडानं टिपते, घासत नाही.

परवा भाच्याचा मेसेज आला. दिवाळीला येतोय, दुकान बघून ठेव. खाली त्यानं चार ओळींचा मजकूर लिहून पाठवला आहे, पणजोबांचं नाव, पलटण, साल आणि शौर्याबद्दल. नाव आणि पलटण बरोबर आहे. उत्तर मी अजून दिलेलं नाही.